झायनिझम आणि अरब-इस्रायल वादाची मुळं स्वतः वाचून कशी समजून घ्यायची: दोन पानांच्या वहीची पद्धत

ऑक्टोबर २०२३ ला गाझाचं युद्ध सुरू झाल्यावर आमच्या घरच्या ग्रुपवर रोज दहा-बारा फॉरवर्ड यायचे, त्यातले अर्धे म्हणायचे की इस्रायल-पॅलेस्टाईनची ही जमीन तीन हजार वर्षांपासून ज्यूंचीच आहे आणि अर्धे म्हणायचे की १९४८ ला गोऱ्यांनी ज्यूंना आणून बसवलं, आणि एक दिवस कॉलेजात जाणाऱ्या भाचीने मला विचारलं, मावशी यातलं खरं कुठलं? मला उत्तर देता आलं नाही. ते मला फार लागलं, कारण माझं आजोळ अलिबागचं, तिथे इस्रायल आळी आहे, मागेन अबोथ सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, आईच्या लहानपणी शेजारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, कुटुंब राहायचं जे पुढे इस्रायलला गेलं आणि बरीच वर्षं तिकडून मराठीत पत्रं पाठवत राहिलं. म्हणजे हा विषय आपल्या अंगणातून गेलेला, आणि तरी मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

तेव्हापासून दीड वर्ष वाचतेय. वाचताना जी पद्धत हाताशी आली ती इथे लिहून ठेवते, कोणाला सुरुवात करायची असेल तर उपयोगी पडेल. कोण बरोबर कोण चूक हे मी ठरवून देणार नाहीये, पण कुठे नीट बघायचं आणि कुठे फसायला होतं ते सांगते.

आधी वही घ्या

दोनशे पानी साधी वही. ती उघडली की समोर दोन पानं दिसतात, डावं आणि उजवं. डाव्या पानावर त्या वर्षी ज्यूंच्या बाबतीत काय घडलं ते लिहायचं, उजव्यावर त्याच वर्षी पॅलेस्टाईनमधल्या अरबांच्या बाबतीत काय घडलं ते. वर मधोमध वर्ष. आणि दोन्ही पानांच्या खाली एक रेघ मारून त्या वर्षीचा कागद, म्हणजे पत्र, करार, जाहीरनामा, जनगणना, जे असेल ते.

नियम एकच. एक पान भरलं आणि दुसरं कोरं राहिलं तर पुढच्या वर्षाकडे जायचं नाही, कोरं पान भरायला काहीतरी शोधायचंच. हा नियम मी पाळला नसता तर माझीही फॉरवर्डसारखी अर्धीच वही झाली असती, कारण जी बाजू आपल्याला आधीच पटलेली असते तिच्यावर वाचायला भरपूर मिळतं आणि हात तिकडेच जातो.

सुरुवात १८८१ पासून करा

खूप लोक बायबलपासून सुरू करतात किंवा थेट १९४८ पासून. दोन्हीत गडबड होते. जेरुसलेमशी ज्यूंचं नातं प्रार्थनेत, सणात, लग्नाच्या विधीत शेकडो वर्षं टिकून होतं हे खरं आहे आणि ते समजून घ्यायलाच हवं, पण नातं असणं वेगळं आणि तिथे जाऊन देश उभा करायची चळवळ निघणं वेगळं. ही चळवळ, म्हणजेच झायनिझम, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात निघाली, तेव्हाच का निघाली हा खरा प्रश्न आहे.

पण १८८१ चं पान उघडायच्या आधी एक पान "त्या वेळी तिथे कोण होतं" यासाठी ठेवा. तेव्हा तिथे तुर्कांचं म्हणजे ऑटोमन राज्य होतं, १५१६-१७ पासून. पॅलेस्टाईन नावाचा एकच प्रांत नव्हता, जेरुसलेमचा जिल्हा थेट राजधानीच्या हाताखाली होता आणि उत्तरेकडचा भाग १८८८ पासून बैरूत प्रांतात. यावरून काही जण म्हणतात की पॅलेस्टाईन नव्हतंच. अहो, प्रांताचं नाव नसलं म्हणजे माणसं नव्हती असं होत नाही. साडेचार-पाच लाखांच्या आसपास लोक राहत होते, बहुतेक मुसलमान, थोडे ख्रिश्चन, आणि साधारण २५,००० ज्यू. याफाची संत्री जहाजं भरभरून युरोपात जायची, नाब्लुसचा ऑलिव्हच्या तेलाचा साबण लांबलांब विकला जायचा. आणि ज्यू तिथे नव्हतेच असं म्हणणारेही चूक, जेरुसलेम, हेब्रॉन, साफेद आणि तिबेरियास या चार पवित्र शहरांत त्यांची जुनी वस्ती होती, आणि ती बहुतेक धार्मिक माणसं होती, राजकारणाशी घेणंदेणं नसलेली.

आता डावं पान. मार्च १८८१ मध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर मारला गेला आणि त्यानंतर ज्यूंवर दंगलींची लाट आली, घरं लुटली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार झाले. याला पोग्रोम म्हणतात, हा शब्द वहीत मोठ्या अक्षरात लिहा कारण पुढे पन्नास वर्षं तो येत राहतो. १८८२ ला सरकारने उलट ज्यूंवरच नवी बंधनं घातली. १८८१ ते १९१४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून जास्त ज्यू बाहेर पडले आणि त्यातले बहुसंख्य अमेरिकेला गेले, पॅलेस्टाईनला गेले ते अगदी थोडे. ही गोष्ट मला सगळ्यात आधी कळायला हवी होती. कारण त्यावरून दिसतं की झायनिझम हे ज्यूंच्या संकटावरच्या अनेक उत्तरांपैकी एक उत्तर होतं. काहींनी अमेरिकेची वाट धरली, काहींनी समाजवादाची, काहींना वाटलं आपण पक्के जर्मन किंवा फ्रेंच होऊन जाऊ. १८९७ हे वर्ष बघा, ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडच्या बासेलला पहिली झायनिस्ट काँग्रेस भरली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विल्नाला बुंड नावाची ज्यू कामगारांची संघटना निघाली, जिचं म्हणणं होतं की आपण जिथे राहतो तिथेच हक्कासाठी लढायचं. बासेलची काँग्रेस आधी म्युनिकला भरणार होती, पण तिथल्या ज्यूंनीच विरोध केला म्हणून जागा बदलावी लागली. तेव्हा "ज्यू म्हणजे झायनिस्ट" असं समीकरण वहीत कुठे लिहिलं असेल तर खोडा.

थिओडोर हर्झल हा व्हिएन्नाच्या वर्तमानपत्राचा पॅरिसमधला पत्रकार. १८९४ ला फ्रान्समध्ये ड्रायफस नावाच्या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आळ घेतला गेला, ते हर्झलने जवळून पाहिलं, आणि १८९६ ला त्याने ज्यूंचं स्वतःचं राज्य हवं अशी पुस्तिका काढली. बासेलच्या ठरावातले शब्द होते पॅलेस्टाईनमध्ये ज्यू लोकांसाठी कायद्याने सुरक्षित असं घर. "राज्य" हा शब्द मुद्दाम टाळला होता. मराठीत कोणी थेट "राष्ट्र" लिहिलं असेल तर मूळ शब्द बघा, ही सवय आत्ताच लावून घ्या, पुढे फार कामाला येते.

उजवं पान: एक पत्र आणि एक गाव

अरब बाजूबद्दल एक पक्का गैरसमज आहे की त्यांना १९१७ पर्यंत काही कळलंच नव्हतं, नाहीतर मग असा की त्यांचा विरोध निव्वळ धार्मिक होता. दोन्ही तपासायला दोन गोष्टी वाचा.

पहिली, १ मार्च १८९९ चं पत्र. युसुफ दिया अल-खालिदी हे जेरुसलेमचे माजी महापौर, तुर्की संसदेतले माजी सदस्य, बऱ्याच भाषा जाणणारे गृहस्थ. त्यांनी फ्रान्सचे मुख्य रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, झादोक कान यांना पत्र लिहिलं, ते हर्झलपर्यंत पोहोचलं. त्यात ते आधी म्हणतात की ज्यूंचा या भूमीशी असलेला ऐतिहासिक संबंध कोण नाकारेल. मग म्हणतात पण इथे आता दुसरे लोक राहतात, हे जबरदस्तीशिवाय होणार नाही, देवाच्या नावाने पॅलेस्टाईनला सोडा. हर्झलचं उत्तर त्याच महिन्यात आलं, की आम्ही आलो की पैसा येईल, जमिनीच्या किंमती वाढतील, तुम्हाला घालवायचा विचार कोण करेल. ही दोन पत्रं समोरासमोर ठेवून वाचा. एक माणूस देशाबद्दल बोलतोय, दुसरा त्याला फायद्याबद्दल सांगतोय. पुढच्या पन्नास वर्षांतली बोलणी मला पुन्हा पुन्हा अशीच दिसली, आणि म्हणून मी हे पान सगळ्यात जास्त वेळा उघडते.

दुसरी गोष्ट अल-फुला नावाच्या गावाची, आणि ही समजायला कोकणातल्या माणसाला वेळ लागत नाही. तुर्कांनी १८५८ ला जमिनीचा कायदा केला, जमीन नावावर नोंदवायची. शेतकरी घाबरला, नाव लागलं की कर येणार, पोराला सैन्यात नेणार, म्हणून कित्येक ठिकाणी जमीन शहरातल्या बड्या माणसाच्या नावावर लागली आणि काही जमिनी सरकारनेच व्यापाऱ्यांना विकल्या. कसणारा पिढ्यानपिढ्या तोच, पण कागदावर मालक बैरूतचा सुरसोक घराण्यातला. आपल्याकडे खोत आणि कूळ म्हटलं की जे डोळ्यापुढे येतं जवळपास तेच. १९१० ला सुरसोकांनी नाझरेथजवळच्या अल-फुलाची जमीन, साधारण १०,००० दुनम, ज्यू संस्थेला विकली. कागदोपत्री व्यवहार चोख होता. पण कुळांना उठावं लागणार होतं, आणि नाझरेथचा अधिकारी शुक्री अल-असली याने खरेदीखतावर सही करायला नकार दिला, वर्तमानपत्रात टोपणनावाने लेख लिहिले, पुढे संसदेत निवडून जाऊन तिथे हा विषय मांडला. तरी विक्री झालीच आणि तिथे मेरहाव्या वसाहत उभी राहिली. जागा विकत घेतली की बळकावली या वादात अडकलात तर हे गाव आठवा, विकत घेतलीच होती आणि माणसं बेघरही झाली होती, दोन्ही एकाच वेळी खरं.

दुनमचा हिशोब पण लिहून ठेवा, १ दुनम म्हणजे १,००० चौरस मीटर, आपले जवळजवळ १० गुंठे, म्हणजे ४ दुनमचा साधारण १ एकर. तुर्की काळातला दुनम थोडा लहान होता, पण आकडा डोळ्यापुढे यायला एवढं पुरतं.

आणि हो, हा वाद ज्यू विरुद्ध मुसलमान असाच मांडणाऱ्यांसाठी, झायनिझमविरुद्ध सगळ्यात आधी सातत्याने लिहिणारी दोन अरबी वर्तमानपत्रं, हैफाचं अल-कर्मिल (१९०८) आणि याफाचं फलस्तिन (१९११), दोन्हींचे संपादक ख्रिश्चन होते.

१९१५ ते १९१७: तीन कागद, इथे घाई करू नका

पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी तीन ठिकाणी तीन गोष्टी कबूल केल्या. १९१५-१६ मध्ये मक्केचा अरब प्रमुख शरीफ हुसेन याच्याशी ब्रिटिश अधिकारी मॅकमोहनचा पत्रव्यवहार, तुर्कांविरुद्ध उठाव करा, अरबांना स्वातंत्र्य देऊ. मे १९१६ चा फ्रान्सबरोबरचा गुप्त सायक्स-पिको करार, प्रदेश आपसात वाटून घेऊ. आणि २ नोव्हेंबर १९१७ चा ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोर यांचा जाहीरनामा, पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी राष्ट्रीय घर व्हायला मदत करू. पॅलेस्टाईन पहिल्या वचनात होतं की नव्हतं यावर आजही भांडण आहे, कारण मॅकमोहनच्या २४ ऑक्टोबर १९१५ च्या पत्रात दमास्कस, होम्स, हमा, अलेप्पो या जिल्ह्यांच्या पश्चिमेकडचा भाग वगळला होता. नकाशा घ्या, ही चार गावं पेन्सिलने जोडा आणि पश्चिमेला काय येतं बघा. लेबनॉनचा किनारा येतो. पॅलेस्टाईन दक्षिणेला राहतं. ब्रिटिश नंतर म्हणाले की आमच्या मनात ते वगळलेलंच होतं. मला ते पटत नाही, तुम्ही रेघ मारून स्वतः ठरवा.

बाल्फोरचा जाहीरनामा इंग्रजीत ६७ शब्दांचा आहे, तो एका पानावर उतरवून घ्या आणि चार ठिकाणी खुणा करा. एक, "राष्ट्रीय घर", राज्य नाही. दोन, "पॅलेस्टाईनमध्ये", पॅलेस्टाईनचं नाही. तीन, तिथे नव्वद टक्के असलेल्या लोकांचं नावच नाही, त्यांना "ज्यू नसलेले समाज" म्हटलंय. चार, त्यांच्या "नागरी आणि धार्मिक" हक्कांना धक्का लागणार नाही असं म्हटलंय, राजकीय हक्कांबद्दल एक अक्षर नाही. एवढं केलंत की पुढची तीस वर्षं ब्रिटिश दोन्ही बाजूंना वेगवेगळं का सांगू शकले ते आपोआप उलगडतं.

इथे आपल्या शाळेच्या पुस्तकातली दोन ओळखीची माणसं भेटतात. भारतमंत्री माँटेग्यू, तेच माँटेग्यू-चेम्सफर्डवाले, ब्रिटिश मंत्र्यांमधले एकटे ज्यू, आणि त्यांनीच या जाहीरनाम्याला कडाडून विरोध केला. त्यांना भीती होती की यामुळे ज्या ज्या देशात ज्यू राहतात तिथे त्यांना परकं ठरवलं जाईल. मंत्रिमंडळाने शेवटचा निर्णय घेतला तेव्हा ते भारताच्या वाटेवर होते. दुसरे लॉर्ड कर्झन, बंगालच्या फाळणीवाले, त्यांनीही विचारलं की मग तिथल्या लोकांचं काय होणार. ज्याने बंगाल तोडला त्याला हा प्रश्न पडला आणि तरी ते पुढे गेले, याचं मला वाईट वाटतं.

याच मुद्द्यावर अजून एक कागद, ३ जानेवारी १९१९ चा फैझल-वाइझमन करार, म्हणजे शरीफ हुसेनचा मुलगा फैझल आणि झायनिस्ट नेते वाइझमन यांच्यातला. "बघा, अरबांनी मान्य केलं होतं" म्हणून तो नेहमी फिरवला जातो. त्याच्या खाली फैझलने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ बघा, अरबांना स्वातंत्र्य मिळालं तरच मी याला बांधील. ते मिळालं नाही. शिवाय तो पॅलेस्टाईनच्या लोकांचा निवडलेला प्रतिनिधी नव्हता. कराराच्या खालची हस्ताक्षरातली टीप वाचल्याशिवाय करार वहीत चढवू नका.

आकडे कसे लिहायचे

युद्धानंतर पॅलेस्टाईन ब्रिटिशांच्या ताब्यात आलं, त्यांनी १९२२ ला जनगणना केली, साडेसात लाखांच्या वर लोक, त्यात ज्यू ८४,००० च्या आसपास, म्हणजे ११ टक्के. १९३१ च्या जनगणनेत दहा लाखांच्या वर लोक आणि ज्यू १,७४,००० च्या वर, म्हणजे १७ टक्के. १९४७ ला ज्यू सहा लाख, एकूण लोकांच्या एक तृतीयांश. नुसती टक्केवारी उतरवू नका, कशाची टक्केवारी ते लिहा. लोकसंख्येची, मालकीच्या जमिनीची, का योजनेत दिलेल्या क्षेत्रफळाची.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण संयुक्त राष्ट्रांची १९४७ ची फाळणी योजना, पॅलेस्टाईनचे एक ज्यू आणि एक अरब अशी दोन राज्यं करायची. एक फॉरवर्ड म्हणतो ७ टक्के जमिनीच्या मालकांना ५५ टक्के देश दिला. आकडे बरोबर आहेत. दुसरा म्हणतो त्यात बराचसा नेगेवचा वाळवंटी भाग होता आणि उरलेली सगळी जमीन काही अरबांच्या खाजगी मालकीची नव्हती, बरीच सरकारी होती. तेही बरोबर. पण तिसरा आकडा दोघंही सांगत नाहीत, त्या प्रस्तावित ज्यू राज्यात साधारण पाच लाख ज्यू आणि चार लाखांहून जास्त अरब राहणार होते. हा आकडा वहीत असला की दोन्ही बाजू कशाला घाबरत होत्या ते दिसतं.

१९२९ ते १९४५: ज्या वर्षांत दोन्ही पानं काळी होतात

१९२९ च्या ऑगस्टमध्ये जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीच्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र जागेच्या, वादावरून दंगल पेटली आणि हेब्रॉनमध्ये ६७ ज्यू मारले गेले, शतकानुशतकं तिथे राहणारे, ज्यांचा झायनिझमशी फारसा संबंध नव्हता असे पुष्कळ. कितीतरी ज्यूंना अरब शेजाऱ्यांनी घरात लपवून वाचवलं. हे दोन्ही लिहा. त्या आठवड्यात सगळीकडे मिळून १३३ ज्यू आणि ११६ अरब मेले, अरबांपैकी बरेच ब्रिटिश पोलिसांच्या गोळ्यांनी.

१९३३ ला हिटलर आला आणि येणाऱ्यांचा आकडा चढला, एकट्या १९३५ मध्ये साठ हजारांहून जास्त ज्यू आले. अमेरिकेने १९२४ च्या कायद्याने दार जवळपास लावून घेतलं होतं, १९३८ ला फ्रान्समधल्या एव्हियनला ज्यू निर्वासितांच्या प्रश्नावर बत्तीस देश बसले आणि जवळपास कोणीच दार उघडलं नाही. डाव्या पानावर हे लिहिताना माझा हात थांबला होता. आणि उजव्या पानावर त्याच वर्षांत एक समाज बघतोय की आपल्याला न विचारता आपला देश बदलतोय, १९३६ ला सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप, मग १९३९ पर्यंत उठाव, ब्रिटिशांनी तो घरं उडवून, फाशी देऊन, नेते हद्दपार करून चिरडला. १९३७ ला ब्रिटिश सरकारच्या पील कमिशनने पहिल्यांदा अधिकृतपणे फाळणी सुचवली, अरबांच्या उच्च समितीने ती फेटाळली, झायनिस्ट काँग्रेसने वाटाघाटीपुरती मान्य केली.

मे १९३९ ची ब्रिटिशांची श्वेतपत्रिका, म्हणजे सरकारी धोरणाचा कागद, या सगळ्याचा कळस आहे, पाच वर्षांत फक्त ७५,००० ज्यूंना येऊ देऊ, त्यापुढे अरबांच्या संमतीशिवाय नाही. अरबांच्या दृष्टीने तीन वर्षांच्या रक्ताची ही थोडीशी भरपाई. ज्यूंच्या दृष्टीने ज्या क्षणी बाहेर पडायला हवं होतं नेमका त्या क्षणी दरवाजा बंद. नंतर काय झालं माहीत आहे, नाझींनी साठ लाख ज्यू मारले, त्यालाच होलोकॉस्ट म्हणतात. होलोकॉस्टसाठी पॅलेस्टिनी अरब जबाबदार नव्हते, जेरुसलेमचा मुफ्ती, म्हणजे मुसलमान धर्मप्रमुख, हाज अमीन अल-हुसेनी बर्लिनला जाऊन हिटलरला भेटला हे खरं आहे आणि ते लपवू नये, पण त्या एका माणसाच्या खात्यावर सगळ्या समाजाचं पाप मांडणं हे मला अन्यायाचं वाटतं. छावण्यांतून वाचलेल्यांना १९४५ नंतरही फारसं कोणी घ्यायला तयार नव्हतं, आणि झायनिझम हे अनेक उत्तरांपैकी एक होतं ते ज्यूंपैकी बहुतेकांसाठी एकमेव उत्तर झालं ते इथे. बुंडची माणसं तर पोलंडमध्येच मारली गेली होती.

भारताचं पान

मधे दोन पानं आपल्यासाठी ठेवा, संबंध खराच आहे. सप्टेंबर १९१८ ला हैफा तुर्कांकडून घेतलं ते जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळाने. नोव्हेंबर १९३८ ला गांधीजींनी हरिजनमध्ये लिहिलं की इंग्लंड जसं इंग्रजांचं तसं पॅलेस्टाईन अरबांचं, ज्यूंबद्दल सहानुभूती व्यक्त करूनच. सावरकरांनी १९४७ ला ज्यू राज्याला पाठिंबा दिला. संयुक्त राष्ट्रांच्या १९४७ च्या अकरा देशांच्या समितीत भारत होता आणि भारत, इराण, युगोस्लाव्हिया या तिघांनी फाळणीऐवजी एकाच संघराज्याची योजना दिली. २९ नोव्हेंबर १९४७ ला ठराव ३३ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, १० तटस्थ, भारत विरोधात. १७ सप्टेंबर १९५० ला भारताने इस्रायलला मान्यता दिली, १९५३ ला मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास आला, पूर्ण संबंध मात्र १९९२ ला.

आणि आपले शनिवार तेली. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्यांचे आम्ही वंशज, अशी बेने इस्रायलांची परंपरागत कथा, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव, आडनावं गावांवरून, रोहेकर, पेणकर, नवगावकर. कोकणात त्यांच्यावर कधी पोग्रोम झाला नाही. तरी १९४८ नंतर बहुसंख्य गेले, आणि तिथे गेल्यावर त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली, लग्नाला अडचणी आल्या, त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं आणि १९६४ ला इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतीत ज्यू आहेत असं जाहीर केलं. युरोपच्या छळामुळे निघालेली चळवळ ज्यांचा छळच झाला नाही त्यांनाही घेऊन गेली, हे फक्त राजकारणाने समजत नाही, तिथे ती प्रार्थनेतली जेरुसलेम समजून घ्यावी लागते.

एक विनंती, हिंदू-मुसलमान चष्मा या पानावरच काढून ठेवा. आपल्याकडचे बरेच जण इथल्या भांडणाचा राग तिथे काढतात, दोन्हीकडचे. त्याने तिथलं काहीच कळत नाही.

१९४८: एका वर्षाला दोन नावं

हे पान मोठं ठेवा, मी सोळा पानं घेतली. डावीकडे स्वातंत्र्ययुद्ध, उजवीकडे नकबा, म्हणजे महासंकट. ९ एप्रिलला देर यासीन गावात शंभराहून जास्त अरब मारले गेले, इर्गुन आणि लेही या ज्यू गटांनी मारले. चारच दिवसांनी, १३ एप्रिलला, हदासा हॉस्पिटलकडे जाणाऱ्या ताफ्यावर अरबांनी हल्ला केला, ७८ जण मेले, त्यात डॉक्टर आणि नर्स. १४ मे ला इस्रायलची घोषणा, १५ ला शेजारच्या अरब देशांच्या फौजा आत. इस्रायलचे सुमारे ६,००० लोक मेले, तिथल्या ज्यूंच्या एक टक्का. सात लाखांच्या वर पॅलेस्टिनी निर्वासित झाले, चारशेहून जास्त गावं रिकामी झाली आणि त्यांना परत येऊ दिलं गेलं नाही. जेरुसलेमच्या जुन्या शहरातून ज्यूंना घालवलं गेलं. पुढच्या काही वर्षांत इराक, येमेन आणि इतर अरब देशांतले लाखो ज्यू आपली हजार-दोन हजार वर्षांची घरं सोडून निघाले, १९५०-५१ मध्ये एकट्या इराकमधून साधारण १,२०,०००.

इथे वाचताना पुस्तक कधीचं आहे ते आधी बघा. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की अरब नेत्यांनी रेडिओवरून सांगितलं म्हणून लोक स्वतःहून गेले. इस्रायलचे सरकारी दस्तऐवज खुले होत गेल्यावर १९८० च्या दशकात इस्रायली इतिहासकारांनीच दाखवलं की हे असं एका वाक्यात सांगता येत नाही, कुठे भीतीने गेले, कुठे लढाईमुळे, कुठे सरळ हाकलले, लिद्दा आणि रामलेला जुलै १९४८ मध्ये तर हुकूम काढून. अरब देशांचे दस्तऐवज मात्र अजून बहुतांश बंद आहेत, म्हणून त्या राजधान्यांमध्ये काय शिजत होतं ते आपल्याला कमी कळतं. गावागावांचं वेगळं लिहा. "पॅलेस्टिनी गेले" असं एक वाक्य लिहून पान उलटू नका, हैफाचं वेगळं, लिद्दाचं वेगळं, आणि नाझरेथमधले तर राहिलेच.

१९४९ ला इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन आणि सीरियाशी एकेक करून युद्धबंदीचे करार झाले आणि नकाशावर हिरव्या रंगाने रेघ मारली गेली, म्हणून ती ग्रीन लाईन. करारात स्पष्ट लिहिलंय की ही कायमची सीमा नाही. ती रेघ वहीच्या शेवटच्या पानावर स्वतः काढा, हाताने, ट्रेस न करता, म्हणजे नाब्लुस कुठे राहिलं, गाझा कुठे राहिलं आणि अल-फुला कुठे गेलं ते बोटांना लक्षात राहतं. १९६७ च्या युद्धासाठी दुसरी वही घ्या. तिच्या पहिल्या पानावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा २२ नोव्हेंबर १९६७ चा ठराव २४२ इंग्रजीतही उतरवा आणि फ्रेंचमध्येही, आणि इस्रायलने कुठल्या भूभागातून माघार घ्यायची त्या एका ओळीखाली दोन्ही भाषांत रेघ मारा, इंग्रजीत "त्या" साठीचा शब्द नाहीये आणि फ्रेंचमध्ये आहे.